तुम्ही विचारलंत म्हणून: मधलेच टाके मोठे का?

मैत्रिणीकडे जाऊन ती गोधडी जो कोणी बघतो तो नंतर मला हेच विचारतो, की अगं कडेनी इतके बारीक टाके आणि मधे एकदम असे ढोबळे का, घाई झाली होती का? परवा इथे इंदुरात रामबागेतल्या एका काकूंनी तर भर लग्नाच्या पंगतीत विचारलं. मग म्हटलं एकदाच लिहून टाकू.

गोधडी मैत्रिणीच्या आजीची. आजींनी शिवायला घेतली, अर्धी झाली आणि त्या गेल्या. मग ती चौदा वर्षं पेटीत. गोधडी कडेपासून आत शिवत जातात, चौकोनात चौकोन, त्यामुळे अर्धवट सुटली की मधलंच राहतं. म्हणजे कडेचं सगळं आजींचं, मधलं माझं.

मैत्रीण म्हणाली, आईच्यानी झालं नाही, मला तर सुईत दोरा ओवता येत नाही, तू करून दे ना, तू तर शिवूनच राहिलीयेस दिवसभर. आता मी शिवते ते मशीनवर ब्लाऊज, गोधडी आयुष्यात शिवली नव्हती, पण हो म्हणून बसले.

उघडून बघितली तर आजींची सुई तिथेच. दोऱ्यासकट, टाका अर्धा घेतलेला, आणि गंजून कापडाला चिकटलेली. मला दोन मिनिटं हातच लावावासा वाटेना. मग हळूहळू पीळ देत देत काढली, तरी तांबूस डाग राहिलाच. लिंबू-मीठ चोळ म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण लुगडं इतकं विरलेलं की डागाबरोबर कापडही गेलं असतं. सुती नऊवारी ते, सव्वाआठ मीटरच्या आसपास, चौघडी केली की बरोब्बर दोन मीटरची गोधडी, वेगळं काही बेतायला नको. आत आजोबांची धोतरं. आजोबा हुकुमचंद कापडमिलमध्ये होते, मिल १९९१ मध्ये बंद पडली, त्यानंतर घरातलं कुठलंच कापड फेकायचं नाही असा आजींचा नियमच झाला म्हणे. कडेला मात्र माहेश्वरी साडीचा काठ लावलाय, तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून गोधडी कशीही पांघरा, उलटी वाटत नाही. हुशार बाई!

मी पहिला गाढवपणा केला तो म्हणजे मशीनचा पॉलिस्टर दोरा घेतला. जुन्या सुतापेक्षा तो जास्त चिवट, जरा ओढला की कापडच कापतो. दोन फेऱ्या उसवल्या, आणि जुन्या कापडात सुईची भोकं काही बुजत नाहीत, ती अजून आहेत, नीट बघाल तर दिसतील. मग राजवाड्याजवळून सुती दोरा आणला.

तरी टाके आजींसारखे येईनात. रडायचीच बाकी होते. शेवटी चिडून पट्टी घेऊन आजींचेच मोजायला बसले, तर अगदी कडेच्या फेरीत इंचाला आठ-नऊ, त्याच्या आत सात, मग सहा, आणि सुई होती त्या ओळीत जेमतेम पाच, तेही वाकडे. मैत्रिणीच्या आईला विचारलं तर म्हणाली, अगं तिला मोतीबिंदू होता, ऑपरेशनला तयारच नव्हती, खिडकीशी बसून अंदाजानी शिवायची.

त्यानंतर मी बारीक घालायचा नादच सोडला. माझे इंचाला चार आहेत. तेव्हा काकू, टाके ‘एकदम’ मोठे झालेले नाहीत, कडेकडून आत बोट फिरवत या, कळेल.

चार महिने लागले, त्यातला मे महिना वायाच, मांडीवर गोधडी घेऊन बसवत नाही इंदुरात तेव्हा. मजुरी म्हणून सराफ्यातल्या खाऊगल्लीत दोन प्लेट गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद. सुई मैत्रिणीनी कुंकवाच्या डबीत ठेवलीये.

आणि हो, दुसरा प्रश्न पण येतोच, आमची पण करून देशील का? नाही देणार. सुती दोरा घेऊन दुपारी तीननंतर या, शिकवते.