धनुष्यावरचा भाता : सहा दिवसांच्या शिकार मोहिमेतील अनुभव आणि निवडीविषयी काही सूचना

या मोहिमेवर निघताना माझ्याजवळ एकच कंपाउंड (टोकांना चाके असलेले) धनुष्य होते, पण त्यावर बसवायचे भाते मात्र दोन होते. पहिला दोन तुकड्यांचा, म्हणजे बाणांची टोके झाकणारे, आत फोम असलेले वरचे टोपण आणि बाण धरणारी खालची रबरी पकड रायझरला (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाला) स्वतंत्रपणे स्क्रूने घट्ट बसवायची; तो एकदा लावला की पाना हातात घेतल्याशिवाय निघत नाही. दुसरा अखंड, एका खटक्याने क्षणात सुटणारा. दोन्हींमध्ये पाच बाण मावत होते. धनुष्य, साइट (नेम धरण्याचे साधन), रेस्ट (बाण टेकवण्याचा आधार) आणि बाण यांच्या निवडीवर मी अनेक महिने घालवले होते. भात्याकडे मात्र बाण ठेवण्याची पिशवी एवढ्याच दृष्टीने पाहिले होते. भाता हा सामानाचा नव्हे तर धनुष्याचा भाग आहे, हे या सहा दिवसांत पुरेपूर पटले, आणि जे पुढे याच वाटेने जाणार आहेत त्यांच्यासाठी ते तपशीलवार लिहून ठेवत आहे.

परवाना, हंगामाच्या तारखा आणि ब्रॉडहेडच्या (बाणाच्या धारदार पात्यांच्या टोकाच्या) रुंदीसंबंधीचे नियम जिथे जाणार तिथल्या वन्यजीव खात्याकडून आधी लेखी घ्यावेत, एवढेच त्याबाबत सांगतो. आमचे रान डोंगराळ होते. पहिले दोन दिवस पायी मागोवा, पुढचे तीन दिवस मचाण आणि शेवटचा दिवस पुन्हा पायी, असा बेत होता. सोबतीला माझ्यापेक्षा कितीतरी अधिक हंगाम पाहिलेले एक ज्येष्ठ शिकारी होते. निघण्याच्या आदल्या रात्री माझे दोन्ही भाते हातात घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाण सोडताना भाता धनुष्यावर ठेवणार आहात की काढून ठेवणार आहात? ते आधी ठरवा, बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे."

त्या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी वजनाचा हिशेब पाहावा लागतो. माझा एक बाण ब्रॉडहेडसह 420 ग्रेनचा, म्हणजे सुमारे 27 ग्रॅमचा आहे. पाच बाणांचे 136 ग्रॅम आणि रिकाम्या भात्याचे 250 ग्रॅम धरले, तर जवळजवळ 390 ग्रॅमचे ओझे धनुष्याच्या एकाच बाजूला लटकते. उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणाऱ्याच्या धनुष्यावर ते उजवीकडे येते आणि धनुष्याचा माथा उजवीकडे कलंडवू पाहते. या कलंडण्याचा जोर केवळ वजनावर नाही, तर ते वजन रायझरपासून किती दूर आहे यावरही ठरतो. रायझरपासून 5 सेंटिमीटरवर बसणारा भाता आणि 9 सेंटिमीटरवर बसणारा भाता वजनाला सारखे असले तरी दुसऱ्याची ओढ जवळजवळ दुप्पट असते. म्हणून विकत घेताना तराजूवरचा आकडा जितका पाहतो तितकेच बारकाईने भाता धनुष्याला किती बिलगून बसतो हे पाहावे. साइटवर पाण्याचा बुडबुडा असलेली लेव्हल असेल तर कल दिसतो, तरी दमलेल्या हाताने घाईत नेम धरताना त्या बुडबुड्याकडे लक्ष राहतेच असे नाही. तळावर 40 मीटरवरून मी भाता लावून सहा आणि काढून सहा बाण मारले. बुडबुड्याकडे न पाहता मारलेल्या बाणांचा घोळका भाता लावल्यावर सुमारे एक वीत उजवीकडे सरकला; बुडबुडा मध्यावर ठेवून मारलेले बाण दोन्ही वेळा एकाच जागी लागले. तेव्हा डाव्या बाजूला एक लहान आडवा स्टॅबिलायझर (तोल साधणारा दांडा) लावून तोल जुळवणे, किंवा भाता काढूनच बाण सोडण्याची सवय लावून घेणे, यांपैकी एक मार्ग निवडावा आणि सरावही त्याच मार्गाने करावा. सराव भात्याविना आणि शिकार भात्यासह, असे करणाऱ्याने आपल्या नेमावर विसंबू नये.

पहिल्या दिवशी दोन तुकड्यांचा भाता लावून निघालो. दुपारपर्यंत सर्व ठीक होते. दाट झुडपांचा एक पट्टा ओलांडून ओढ्याच्या काठावर आलो आणि सवयीने भात्यावर हात फिरवला, तर पाचऐवजी चारच बाण हाताला लागले. आल्या पावली परत फिरलो. सुमारे चाळीस पावलांवर तो बाण वाळक्या पाचोळ्यात पडलेला होता, ब्रॉडहेडची तीनपैकी दोन पाती वर, वस्तऱ्यासारखी, पानांमधून जेमतेम दिसणारी. तिथे मागून येणाऱ्या कोणी गुडघा टेकला असता तर काय झाले असते, या विचाराने मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

कारण शोधायला वेळ लागला नाही. माझे बाण 5 मिलिमीटर व्यासाच्या आतल्या भोकाचे, बारीक शाफ्टचे (दांड्याचे) आहेत आणि त्या भात्याच्या पकडीतल्या खाचा जुन्या, जाड शाफ्टसाठी कापलेल्या होत्या. तळावर त्या बाण धरून ठेवत होत्या, पण झुडपाच्या फांद्यांनी पिसांना धरून खाली ओढले की शाफ्ट सरकत होता, आणि एकदा फोममधून टोक सुटले की बाण पडायला निमित्तच लागत नाही. आदल्या रात्रीच्या थंडीने रबर कडक झाले होते हेही खरे. म्हणून ज्यांना नवा भाता घ्यायचा आहे त्यांनी आपले स्वतःचे बाण सोबत न्यावेत, टोपणाच्या फोममध्ये न खुपसता केवळ पकडीत बसवावेत आणि भाता उलटा करून जोराने हलवावा. बाण तसूभरही सरकला तर तो भाता आपला नव्हे. एका पकडीऐवजी वर आणि खाली अशा दोन पकडी असलेला भाता थोडा जड पडतो, पण झाडीतून चालणाऱ्याने ते वजन आनंदाने वाहावे. त्यात बाण थरथरतही कमी. मी त्या रात्री पकडीच्या खाचांत सायकलच्या ट्यूबच्या पातळ पट्ट्या बसवल्या आणि पुढे एकही बाण पडला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आवाजाचा धडा मिळाला, आणि या संपूर्ण वृत्तांतात मला सर्वाधिक सांगावेसे वाटते ते याविषयीच. उतारावर 25 मीटरवर एक हरीण आडवे उभे होते, कान आमच्या दिशेला. मी बाण सोडला, आणि बाण पोहोचेपर्यंत ते पाय दुमडून इतके खाली झाले होते की बाण पाठीवरून निघून गेला. हरीण बाणाला चुकवत नाही. ते दचकून उडी घेण्यासाठी अंग खाली घेते. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, माझा बाण सुमारे 85 मीटर. म्हणजे धनुष्याचा आवाज त्याच्या कानी 0.07 सेकंदात पोहोचला आणि बाण 0.29 सेकंदांनी. मधल्या एक पंचमांश सेकंदाहून अधिक वेळात सावध जनावर पुष्कळ काही करते. बाणाचा वेग थोडा वाढवून हे अंतर फारसे भरून निघत नाही. आवाज कमी करणे हाच खरा उपाय आहे.

रात्री तळावर मी लक्ष्यावर बाण मारत राहिलो आणि सोबती बाजूला डोळे मिटून ऐकत राहिले. तिसऱ्या बाणानंतर ते म्हणाले, "प्रत्यंचेचा नाही हो, हा भात्यातला आवाज आहे. शेवटी एक बारीक फुर्र येतंय." मग आम्ही धनुष्य मांडीवर घेऊन एकेक भाग बोटाच्या टिचकीने तपासला. टोपणाचा एक स्क्रू पाव फेरा सैल होता, त्यामुळे टोपण कंप पावत होते. आणि शेजारच्या बाणांची पिसे एकमेकांना टेकत होती, ती धक्क्याने घासून फुरफुरत होती. स्क्रू काढून त्याचे आटे पक्के धरून ठेवणाऱ्या द्रवाचा एक थेंब लावला. पिसांसाठी एक आड एक बाण बोटभर वर-खाली बसवले आणि प्रत्येक बाण थोडा फिरवून एकाची पिसे दुसऱ्याच्या पिसांमधल्या मोकळ्या जागेत आणली. त्यानंतर तो फुर्र ऐकू आला नाही. भाता पाहताना मी आता सर्वप्रथम टिचकी मारतो. ठस्स आवाज आला तर पुढे विचारपूस करतो, खणखणीत आला तर परत ठेवतो.

मचाणावरच्या तीन दिवसांसाठी सुटणारा भाता लावला. मचाणावर भाता काढून ठेवणेच योग्य वाटते, कारण बसल्या जागी धनुष्य हलके राहते आणि आडव्या वाऱ्यात बाणांच्या पिसांचे जे शीड होते ते होत नाही. वाऱ्याचा हा त्रास पायी फिरतानाही जाणवतो, पण तासन् तास एकाच कड्यावर वारा खात बसल्यावर तो विशेष कळतो. मात्र दोन गोष्टी आधी बघून ठेवाव्यात. पहिली म्हणजे खटका. पहिल्या पहाटे मचाणावर स्थिरस्थावर होऊन मी खटका दाबला आणि धातूवर धातू आपटल्याचा जो टक् आवाज झाला, तो त्या निःशब्द रानात दूरवर गेला असणार. दुसऱ्या पहाटे खटक्याच्या बैठकीत मऊ फेल्टचा तुकडा चिकटवून गेलो आणि बोट खटक्यावर ठेवूनच तो हळू सोडला. दुसरी गोष्ट म्हणजे काढलेला भाता टांगायचा कुठे. आकडा उजव्या हाताला, बसून कोपर न उचलता पोहोचेल असा, खांद्याच्या खाली असावा. बहुतेक भात्यांतून बाण आधी पकडीतून बाजूला सोडवून मग टोपणातून खाली ओढावा लागतो. खाली मांडी किंवा मचाणाची फळी आली तर बाण पूर्ण निघतच नाही. हे घरी खुर्चीवर बसून, डोळे मिटून, दहा वेळा करून पाहावे.

धनुष्य हातात घेऊन मचाणावर चढू नये. आधी आपण सुरक्षापट्टा बांधून चढावे, मग दोरीने धनुष्य वर घ्यावे, आणि त्या वेळी प्रत्यंचेवर बाण नसावा व सर्व पाती टोपणात पूर्ण झाकलेली असावीत. ज्या टोपणाच्या कडेतून पात्याचे टोक जरासुद्धा डोकावते ते टोपण कितीही देखणे असले तरी घेऊ नये. बाणांची नॉके (प्रत्यंचेत अडकणारी मागची टोके) खालच्या कॅमच्या (धनुष्याच्या टोकावरच्या चाकाच्या) पुढे येणार नाहीत इतका भाता वर सरकवता येतो का, हेही दुकानातच पाहावे, नाहीतर धनुष्य जमिनीवर टेकवले की सर्व भार नॉकांवर येतो. प्रत्यंचा पूर्ण ओढल्यावर भात्याचा कोणताही भाग केबल, कॅम किंवा रेस्टच्या दोरीला लागत नाही ना, ते दुसऱ्या माणसाकडून बाजूने पाहून घ्यावे.

उघडणाऱ्या पात्यांचे ब्रॉडहेड वापरणाऱ्यांसाठी फोमचे टोपण सोयीचे नसते, कारण काढताना-घालताना पाती फोममध्ये अडकून अर्धवट उघडतात. त्यांनी आत कडक खाचा असलेले टोपण घ्यावे. माझी पाती स्थिर आहेत, तेव्हा याहून अधिक अनुभव मला नाही.

पाचव्या दिवशी दिवसभर पाऊस पडला. रात्री भाता तसाच ठेवला आणि सकाळी पात्यांच्या धारेवर तांबूस रेघ दिसली. फोम पाणी धरून ठेवतो आणि पोलादी पाती रात्रभर त्या ओलीत राहतात. भिजल्यावर बाण काढून पाती पुसावीत, तेलाचा हलका हात द्यावा आणि टोपण उलटे करून वाळवावे. बदलता येणारा फोम मिळत असेल तरच तो भाता घ्यावा, कारण प्रत्येक वेळी धार फोममध्ये नवी चीर पाडते आणि शेवटी पकड उरत नाही.

सहाव्या दिवशी पुन्हा दोन तुकड्यांचा भाता, डाव्या बाजूला आडवा स्टॅबिलायझर, बाण वर-खाली बसवलेले. सकाळी घळीच्या तोंडाशी 22 मीटरवर एक नर चरत होता, वारा त्याच्याकडून आमच्याकडे येत होता. बुडबुडा मध्यावर आला आणि मी बाण सोडला. या वेळी त्याने अंग खाली घेतले नाही. बाण खांद्याच्या मागून, फासळ्यांमधून आरपार गेला आणि साठ-सत्तर पावलांवर तो नर पडला. त्याला यातना फार वेळ झाल्या नाहीत, याचे समाधान मला इतर कशाहून मोठे वाटले.

पायी फिरणाऱ्यांनी घट्ट बसणारा, रायझरला बिलगलेला, दोन पकडींचा भाता घ्यावा आणि तो लावूनच सराव करावा, असे माझे मत झाले आहे. मचाणावर बसणाऱ्यांनी सुटणारा घ्यावा, पण खटका कानाजवळ धरून ऐकल्याशिवाय नाही. बाण पाचच पुरतात. सहा-सात बाणांच्या भात्याचे आकर्षण वाटते, तरी सहा दिवसांत मी प्रत्यंचेला जोडलेले बाण एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच होते.

घरी आल्यावर दोन्ही टोपणांतला फोम उपसून काढला. वरून तो चांगला दिसत होता. आतून मात्र एका ठिकाणी पात्यांनी तो तळापर्यंत कापला होता आणि टोपणाच्या प्लास्टिकवर आतल्या बाजूने तीन बारीक ओरखडे उमटले होते. बाहेरून दाबून पाहिल्यावर ती जागा अंगठ्याखाली किंचित लवत होती. ते टोपण मी बदलले आहे.