तुम्ही विचारलंत म्हणून: होडी खरंच एवढी कलली होती का?

शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचे फोटो काढते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. समोरचा माणूस मोबाइलवर फोटो दोन बोटांनी मोठा करतो, तिरक्या डोलकाठीवर बोट ठेवतो आणि विचारतो, "होडी खरंच एवढी कलली होती, की तुम्ही नंतर कॉम्प्युटरवर केलंत?" लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना हे कुणी विचारत नाही, तिथे खरं तर विचारायला बराच वाव आहे. असो. उत्तर 'हो, कलली होती' असंच आहे, पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आधी खोटं कसं करता येतं ते सांगते. सॉफ्टवेअरमध्ये अख्खा फोटो फिरवता येतो. ८ अंश फिरवला की २० अंश कललेली होडी २८ वर जाते आणि साधा वारा वादळी दिसायला लागतो. पण तिच्याबरोबर समुद्रही ८ अंश उतरता होतो, आणि उतरता समुद्र लहान पोरालाही खटकतो. तेव्हा लबाडी करायचीच तर क्षितिज चौकटीबाहेर कापून टाकावं लागतं. पुढे शीड, मागे नुसतं पाणी, आभाळाचा पत्ता नाही, असा फोटो दिसला की मीही आधी शंका घेते. म्हणून काढतानाच पाण्याची वरची कड कुठल्या तरी कोपऱ्यात ठेवते, आणि घरी आल्यावर आधी फोटो सरळ करते, मगच काटछाट.

"सरळ करणं म्हणजे एडिटिंगच की," असं यावर कुणीतरी म्हणतंच. आहेच. मी ज्या होडीवर उभी असते तीही डुलत असते, त्यामुळे कॅमेऱ्यातून निघालेल्या बहुतेक फोटोंत समुद्र दोन-चार अंश तिरका असतो. हातच लावला नाही तर वाऱ्याचा जोर माझ्या होडीच्या डुलण्याएवढा कमी किंवा जास्त दिसेल. म्हणजे इथे जसाच्या तसा ठेवलेला फोटो चुकीचा आणि दुरुस्त केलेला बरोबर.

मुंबई बंदरात ही दुरुस्तीही सरळसोट नाही. गेटवेसमोरच्या पाण्यात खुलं क्षितिज फक्त दक्षिणेला, बंदराच्या तोंडाशी दिसतं. बाकी नजर जाईल तिकडे जमीन आहे: इकडे कुलाबा, तिकडे घारापुरी, उरण, करंजाचे डोंगर. किनाऱ्याची रेघ क्षितिजासारखी दिसते, पण ती सपाट असेलच असं नाही. किनाऱ्याचं एक टोक आपल्याला जवळ आणि दुसरं लांब असेल, तर जवळचं टोक फोटोत किंचित खाली येतं. लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये त्याने अर्धा-पाऊण अंशाचा फरक पडतो. मग मी मागच्या इमारतीची उभी कड धरते, नाहीतर नांगरलेल्या जहाजाची पाण्यालगतची रेघ. 'आपोआप सरळ करा' या बटणाच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्याला चौकटीतली सगळ्यात ठळक लांब रेघ म्हणजे डोलकाठी दिसते. ते बिचारं इमानाने डोलकाठी उभी करतं आणि समुद्र भिंतीसारखा चढवतं.

आता होडी किती कलली हे कुठून बघितलं यावरही ठरतं. बरोबर समोरून किंवा बरोबर मागून बघितलं तरच डोलकाठी आणि पाणी यांच्यातला कोन खरा दिसतो. बाजूने बघितलं तर होडी तुमच्याकडे झुकलेली असो की पलीकडे, डोलकाठी फक्त थोडी आखूड दिसते. म्हणजे ३० अंश कललेल्या होडीचा अगदी सौम्य, सुखवस्तू फोटो मला सॉफ्टवेअर न उघडता काढता येतो. नाट्यमय फोटो हवा असेल तर वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे जिकडून वारा येतो तिकडे जायचं. तिथून होडीचा उघडा पडलेला तळ दिसतो, आणि पट्ट्यात पाय अडकवून पाठीवर बाहेर झुकलेली माणसं दिसतात. चेहरे हवे असतील तर पुढच्या अंगाला जावं लागतं.

पण पाहिजे तिथे जाऊन उभं राहता येतं असं नाही. फोटोवाल्याची होडी शर्यतीत पाहुणी असते. वाऱ्याच्या बाजूला फार जवळ उभं राहिलं तर आपण स्पर्धकाचा वारा खातो, इंजिन जोरात मारलं तर आपल्या लाटेने छोट्या होडीचा वेग मोडतो. त्यामुळे माझ्या फोटोचं निम्मं श्रेय होडी चालवणाऱ्या काकांचं. 'अजून थोडं पुढे घ्या' असं मी म्हणते तेव्हा ते आधी शिडांकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि बऱ्याचदा मान हलवून नाही म्हणतात. दहातल्या नऊ वेळा त्यांचं बरोबर असतं, कारण तो घोळका कुठल्या बाजूला वळणार हे त्यांना माझ्या आधी कळलेलं असतं.

मी सहसा वाऱ्याच्या दिशेच्या बोयाशी, म्हणजे वळायची जागा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेशी थांबते. होड्या वाऱ्याला नाक लावून नागमोडी वर येतात, बोयाला वळसा घालतात आणि वारा पाठीवर घेऊन परत निघतात. त्या वळशात सगळं एकदम होतं: कुणी ओरडतं, बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा दांडा, डोक्यावरून जातं, मोठ्या होड्यांवर रंगीत स्पिनेकर, म्हणजे पुढचं फुग्यासारखं शीड, फुगतो. शटर मी १/१६०० सेकंदाच्या आसपास ठेवते, म्हणजे उडालेलं पाणी थेंबाथेंबाने सुटं दिसतं. एक्स्पोजर हाताने ठरवते. शिडाने चौकट भरली की कॅमेरा त्याला करडं करून टाकतो, आणि मागे गडद पाणी आलं की तेच शीड जळून पांढरंफट्ट होतं. कापडाची शिवण एकदा जळाली की कुठल्याही सॉफ्टवेअरला ती परत आणता येत नाही. लेन्सवर खारं पाणी उडालं की आधी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपायचं, मग कोरड्याने. थेट कोरडं फडकं घासलं तर वाळलेलं मीठ काचेवर ओरखडे काढतं. इंग्लंडमधल्या काउजला फ्रँक बेकन नावाचा औषधविक्रेता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शर्यतींचे फोटो काढायचा. त्याने स्वतःचा कॅमेराच असा बनवला होता की दोन्ही हातांनी धरायचा आणि शटरचा रबरी फुगा दातांनी चावायचा. हलत्या होडीवर उभं राहून बघितलं की ती युक्ती पटते.

उजेडाबद्दलही वारंवार विचारणा होते, विशेषतः 'मागे ताज आला पाहिजे' या मागणीच्या रूपात. आपल्याकडे शर्यती पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून मेपर्यंत. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा भरतो, त्यामुळे शर्यतही दुपारची. ताजचं तोंड पूर्वेला, बंदराकडे. दुपारनंतर सूर्य त्याच्या पाठीमागे, म्हणजे दर्शनी बाजू सावलीत. शिडं उजेडात कंदिलासारखी पेटलेली आणि मागे ताज मात्र काळसर ढिगारा, असा फोटो येतो. इथे मी सावल्या थोड्या वर उचलते, खिडक्या ओळखू येतील एवढ्याच. डिसेंबर-जानेवारीत वर धुरकं असतं. ते घालवणारं बटण सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण जोरात ओढलं की आकाश मळकट तपकिरी होतं आणि डोलकाठीभोवती पांढरी कड उमटते. ती कड दिसली की समजावं, गडी थांबायचं विसरला.

आणि पाणी. "ताई, पाणी जरा निळं करून द्या ना." नाही देत. मुंबई बंदराचं पाणी हिरवट-मातकट आहे. खाड्यांचा गाळ आहे, उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो आणि तो सगळा गाळ रोज ढवळून निघतो. निळं केलं तर शर्यत कुठे झाली तेच पुसलं जातं. शिवाय पाणी निळं करताना शिडाची सावलीची बाजू आणि माणसांची कातडीही निळी पडते, मग ती वेगळी दुरुस्त करा, म्हणजे एका खोट्यामागे चार. लेन्सवरच्या थेंबाचा डाग किंवा सेन्सरवरची धूळ मी काढते; ती माझ्या कॅमेऱ्यातली घाण. पाण्यावर तरंगणारी प्लास्टिकची पिशवी काढत नाही. ती तिथे होती, आणि ती सुकाणूत अडकून होडीचा वेग जातो हे खेळाडूंना चांगलं ठाऊक आहे.

खरा धोका या सगळ्याच्या आधी, लेन्समध्येच असतो. ४०० मिलिमीटरची लेन्स लांबून वापरली की मागच्या-पुढच्या वस्तू एकमेकींना चिकटतात. बोयाशी दोन होड्या समोरून येत असतील तर फोटोत वाटतं, आता धडकणार. प्रत्यक्षात मध्ये तिसरी होडी आरामात जाईल एवढी जागा असते. या फोटोंना सर्वाधिक लाइक्स मिळतात, आणि त्यांत एकही पिक्सेल बदललेला नसतो.

शर्यतीत कुणी नियम मोडला असं वाटलं की खेळाडू निषेध नोंदवतो, संध्याकाळी समिती बसते, आणि कुणीतरी माझ्याकडे येतं: "तुमच्याकडे फोटो असेल ना?" असतो, मी देतेही. पण या खेळाच्या जागतिक संघटनेच्या नियमपुस्तकात, समित्यांसाठीच्या शिफारशींत, फोटोंबद्दल चांगलाच सावध इशारा आहे: लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये खोलीचा अंदाज उरतच नाही, दोन होड्या बाजूने टिपल्या तर त्यांच्यातलं अंतर सांगता येत नाही, आणि समोरून टिपल्या तर एकीचं नाक दुसरीच्या शेपटीपुढे गेलंय की नाही ते कळत नाही. बोयाला वळताना आतल्या होडीला जागा द्यायची की नाही, हे नेमकं त्या नाक-शेपटीवर ठरतं, तेही बोयापासून तीन होड्यांच्या लांबीवर असताना. म्हणजे भांडण ज्या गोष्टीचं, तीच माझ्या सगळ्यात देखण्या फोटोत दिसत नाही.

आता कलण्याकडे परत येते, कारण त्यातली खरी गंमत अजून सांगितलेलीच नाही. मुलांची ऑप्टिमिस्ट होडी २.३ मीटर लांब, जेमतेम ३५ किलोची, एका मुलाने चालवायची, वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत. ती कलली की फोटो झकास येतो: पोराचे दात आवळलेले, कड पाण्यात, शिडाचं टोक आडवं. पण होडी कलते तेव्हा ती हळू जाते. शिडातला वारा वरून सांडतो, तळाची फळी तिरकी होऊन होडी बाजूला घसरते, आणि होडीचं नाक आपोआप वाऱ्याकडे वळू बघतं. ते अडवायला पोरगं सुकाणू ओढून धरतं, आणि ओढलेलं सुकाणू म्हणजे ब्रेक. चांगला खेळाडू अंग बाहेर टाकून होडी सपाट ठेवतो. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडांच्या शर्यती मुंबईतच झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोघांच्या होडीच्या प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. त्या होडीत एक जण डोलकाठीच्या तारेला लटकून पूर्ण बाहेर उभा राहतो, तो होडी सपाट राहावी म्हणूनच. खाली जड कील, म्हणजे तळाला वजनदार पातं असलेल्या मोठ्या होड्यांचं वेगळं. त्या थोड्या कलून चालायच्या हिशेबानेच बांधलेल्या असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे.

तेव्हा ज्या फोटोवर तुम्ही बोट ठेवता आणि 'बाप रे' म्हणता, तो बहुतेक वेळा त्या खेळाडूचा वाईट क्षण असतो. पहिल्या आलेल्या मुलीचे माझ्याकडचे सगळे फोटो बघितले तर कंटाळा येईल: होडी सपाट, मुलगी शांत, नजर पुढच्या शिडांवर. आईला पाठवायला मी कललेला निवडते, प्रशिक्षकाला सपाट. प्रशिक्षक मग त्यात शिडाच्या कडेच्या दोऱ्या कुठे उडतायत आणि शिडाला सुरकुती कुठे पडली ते बघत बसतात. फ्रेमवाल्याकडे जातो तो आईचाच, हे सांगायला नको.

कलण्याचा कोन वाढवायची गरज मला पडत नाही ती यामुळेच. एका दुपारच्या फोटोंतून शंभरातले पाच ठेवायचे असतील तर त्या निवडीतच वारा हवा तेवढा चढवता येतो. पाचही कललेले ठेवले की बघणाऱ्याला वाटेल दिवसभर वादळ होतं, आणि खेळाडू म्हणतील, "आम्ही तर वाऱ्याची वाट बघत शिडं लुळी पाडून बसलो होतो." म्हणून मी देते त्यात निदान एक फोटो तरी पडलेल्या वाऱ्याचा असतो. तो कुणीच शेअर करत नाही.

एवढं वाचूनही शंका उरली असेल तर मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली हात न लावलेली फाइल मागा. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धांतही शेवटच्या फेऱ्यांत ती मागतातच. तुम्ही मागितलीत तर मला राग यायचं कारण नाही. फक्त व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणू नका, एकेक फाइल तीसेक एमबीची असते. पेनड्राइव्ह घेऊन या, आणि येताना कोनमापक आणा. फोटो समोरून काढलेला असेल तर कोन तुमचा तुम्हीच मोजा.