नावं कुठल्या क्रमानं लावलीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एखाद्या नियोजित स्मारकाचं संकल्पचित्र छापून आलं की मला हमखास विचारलं जातं, 'हे चांगलं होईल का, आणि ते ओळखायचं कशावरून?' उंची आणि खर्च मी नंतर बघते. तिथे येणाऱ्या माणसाला नुसतं मान वर करून उभं राहायचंय की काही करायचंय, हे आधी बघते.

वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम युद्धस्मारक घ्या. १९८१ च्या खुल्या स्पर्धेत १,४२१ आराखडे आले आणि निवड झाली माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीची. जमिनीत उतरत जाणारी काळ्या ग्रॅनाइटची भिंत आणि तिच्यावर युद्धात गेलेल्या अमेरिकी सैनिकांची नावं. आज ती ५८,००० हून अधिक आहेत, आणि अकारविल्हे नाहीत, तर कोण कधी पडलं त्या तारखेनुसार आहेत. माझ्या मते सगळं स्मारक या एका निर्णयावर उभं आहे. अकारविल्हे लावली असती तर सरकारी रजिस्टरासारखी एकाच आडनावाची रांग लागली असती. आता एकाच चकमकीत गेलेले सोबती शेजारीशेजारी येतात. नावं मधल्या कोनापासून सुरू होऊन उजव्या टोकाला जातात, मग डाव्या टोकापासून पुन्हा कोनाकडे येतात, त्यामुळे युद्धातला पहिला आणि शेवटचा मृत्यू एकमेकांना भिडतात. आपलं माणूस शोधायचं तर आधी सूचीत फलक आणि ओळ बघायची, मग भिंतीवर बोट फिरवत जायचं. सापडलं की लोक कागद लावून, पेन्सिल घासून ते नाव उतरवून घेतात. दगडाला झिलई अशी की त्या नावावर आपलाच चेहरा दिसतो. या आराखड्याला झालेल्या विरोधामुळे १९८४ मध्ये जवळच तीन सैनिकांचा पुतळा बसवला गेला. मला त्याची गरज वाटत नाही.

हाम्बुर्गच्या हारबुर्ग भागात १९८६ मध्ये फॅसिझमविरोधी स्मारक म्हणून शिसं मढवलेला १२ मीटरचा खांब उभारला होता. लोकांनी त्यावर सह्या कोरायच्या, भरला की तेवढा जमिनीत उतरवायचा. १९९३ पर्यंत तो पूर्ण खाली गेला. सह्यांमध्ये नाझी चिन्हंही होती. शहराची स्मृती एकमुखी नसते, आणि हे इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कुठे नोंदलं गेलंय.

म्हणून चित्र बघताना विचारा, नावं आहेत का, हात पोचतो का, आणि क्रम कुणी ठरवला? न्यूयॉर्कच्या ९/११ स्मारकात कुणाचं नाव कुणाशेजारी हवं, हे कुटुंबांना विचारलं होतं. १,२०० हून अधिक विनंत्या आल्या, आणि मांडणी त्यांच्यानुसार झाली.