खरी पैठणी का नाही: तुम्ही विचारलेत म्हणून

मी संगीत नाटकांची वेशभूषा करते. प्रयोग संपला की रंगपटात भेटायला येणाऱ्या रसिकांपैकी कोणी ना कोणी मला हा प्रश्न विचारतेच, आणि अलीकडे तर मुलाखत घेणारेही त्यानेच सुरुवात करतात: बालगंधर्व अस्सल भरजरी शालू-पैठण्या नेसून उभे राहत, मग तुमच्या नायिकेच्या अंगावर आर्ट सिल्क, म्हणजे नकली रेशीम, का? विचारणाऱ्याचा स्वर गोड असला तरी निर्माता चिक्कू आहे आणि मी त्याची मिंधी आहे, असा आरोप त्यात असतोच. इतकी वर्षे मी ‘बजेट नसते हो’ असे म्हणून वेळ मारून नेली, कारण त्या उत्तराने लोकांचे समाधान होते. बजेट नसते हे खरेच आहे. पण उद्या एखाद्याने माझ्यापुढे पैशांची थैली ठेवली, तरी मी बहुधा तीच आर्ट सिल्कची साडी निवडीन.

बालगंधर्वांचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा. 1913 साली त्यांची गंधर्व नाटक मंडळी निघाली, ती एक नांदते घर असल्यासारखी होती; कपडेपट कंपनीचा, माणसे कंपनीची, आणि वस्त्रांवर होणाऱ्या खर्चाला धरबंद नव्हता. 1916 च्या ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी पाहून प्रेक्षागृहातल्या स्त्रिया साडी नेसण्याची ढब उचलत, हे आपण कौतुकाने सांगतो, ती कंपनी कर्जात रुतली, हे मात्र त्याच दमात सांगत नाही. शिवाय त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता, त्यामुळे जरीचा काठ माईकला घासण्याचा प्रश्नच नव्हता. आज नट नाईटवर, म्हणजे दर प्रयोगामागे पैसे घेऊन, काम करतात, कपडे दौऱ्याच्या बसमध्ये पेटीत कोंबलेले असतात, आणि आज घामाने भिजलेली साडी उद्या दुसऱ्या गावी पुन्हा नेसायची असते. पैठणी रोज धुता येत नाही आणि चांदीची जर घामाने काळवंडते. खोटी जर त्या मानाने कितीतरी सोशीक असते.

तरीही टिकाऊपणा हे माझे मुख्य कारण नाही. मुख्य कारण पोटाशी आहे. भारी नऊवारी अंगावर ठरायची तर कमरेची गाठ आवळावी लागते; गाठ आवळली की त्यावर कमरपट्टा येतो, आणि मग श्वास घेताना पोट फुगायला जागा उरत नाही. गद्य नाटकातल्या नटीचे त्यावाचून फारसे अडत नाही. लांब तान घेणाऱ्या गायिकेचा दमसास मात्र तिथेच तुटतो. म्हणून मी हलके कापड घेते, काष्टा शिवून घेते, मागे हुकांच्या दोन ओळी ठेवते आणि काखेत घाम टिपणारी पट्टी लावते. शिवलेल्या नऊवारीची चेष्टा करणाऱ्यांनी एकदा विंगेत उभे राहून पाहावे: पदाला वन्स मोअर मिळाला की पुढच्या प्रवेशाआधी कपडे बदलायला ठेवलेला वेळ तिथेच संपतो, आणि वन्स मोअर मिळणार की नाही हे मला तालमीत ठरवता येत नाही.

आता ज्या प्रयोगाविषयी मी आजवर बोलले नाही, त्याविषयी. एका जुन्या नाटकाच्या पुनरुज्जीवनासाठी निर्मात्याने एका पेढीकडून अस्सल पैठणी मिळवली. अट अशी होती की शुभारंभाच्या प्रयोगात नायिकेने तीच नेसावी आणि तसे जाहिरातीत छापावे. मी नको म्हणाले. कारणे लिहूनही दिली. दिग्दर्शक म्हणाले, “बाई, एकदा डोळ्यांचे पारणे फिटू द्या.” साडी दुसऱ्याची असल्याने तिला कात्री लावायची नव्हती, तेव्हा शिवून घेण्याचा प्रश्नच मिटला. रंगीत तालमीला ती मिळाली नाही. आली ती थेट प्रयोगाच्या दिवशी दुपारी. नायिका पन्नाशीला आलेली, गळा तयार, स्वभावाने सोशिक. “राहू दे, मी सांभाळून घेईन,” असे ती म्हणाली आणि गाठ आणखी आवळायला तिनेच सांगितले, कारण पहिल्या दोन पावलांतच निऱ्या ओघळत होत्या.

तिच्या प्रवेशाला टाळ्या पडल्या, आणि त्या साडीला पडल्या हे मला विंगेतही कळले. मी नाकारत नाही, ती साडी दिसत होतीच. दिव्यांच्या पिवळ्या झोतात पदरावरचे मोर असे उठून आले की आर्ट सिल्कला ते या जन्मी जमणार नाही. दुसऱ्या अंकातल्या मोठ्या पदात मात्र जरीचा काठ कॉलर माईकला घासू लागला. खरखर ऐकू येताच ध्वनी सांभाळणाऱ्या मुलाने आवाज खाली घेतला. त्याच्या जागी दुसरे कोणीही तेच केले असते. इकडे तिचा श्वास अपुरा पडत होता. एरवी एका दमात जाणारी तान तिने दोनदा तोडली, समेवर आली, पण तोंडावर रंग असूनही चेहरा उतरलेला दिसला. पुढे वृत्तपत्रातल्या परीक्षणात वेशभूषेचे भरभरून कौतुक होते आणि गायिकेचा गळा आता थकल्याचे एक वाक्य होते. ते कात्रण तिने मला स्वतः वाचून दाखवले, न रागावता. काही प्रयोगांनंतर तिने ती भूमिका सोडली. कारण विचारले तर घरचे सांगते; मला ते पटत नाही, पण तिच्या तोंडून मी दुसरे काही वदवू शकलेले नाही.

तेव्हापासून मी ताठर झाले आहे, असे माझे सहकारी म्हणतात, आणि असेनही. या व्यवसायात आले तेव्हा मी याच्या अगदी उलट बोलत असे. प्रेक्षक खऱ्या-खोट्यातला फरक ओळखतो आणि खोट्या जरीने नाटकाचा अपमान होतो, हे माझे तेव्हाचे ठाम मत होते. तेव्हाच्या माझ्यातल्या त्या मुलीशी मी अजून भांडते आणि प्रत्येक वेळी जिंकत नाही, कारण त्या टाळ्या मीही ऐकल्या आहेत. संगीत नाटक फक्त ऐकायचे असते तर लोकांनी ध्वनिमुद्रिकेवर भागवले असते, असे ती म्हणते, आणि यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. मी एवढेच म्हणते की बालगंधर्वांना त्या वस्त्रांचे ओझे पेलत असेल, पण मला माझ्यासमोर उभ्या असलेल्या बाईच्या श्वासाचे माप घ्यायचे असते.

सध्या आणखी एका निर्मात्याचे तेच मागणे आले आहे: निदान पहिल्या प्रवेशापुरती तरी खरी पैठणी हवी. त्या प्रवेशात एकच छोटे पद आहे, आणि पुढे कपडे बदलायला वेळही आहे. मी अजून होकार दिलेला नाही. नायिका कोण आहे, हे आधी कळवा, असे त्यांना सांगितले आहे.