घुंगरांचा कोर्स: जून ते ऑगस्ट

जूनमध्ये पुण्यातल्या आमच्या बागेतला डिस्क गोल्फचा, म्हणजे चेंडूऐवजी हाताने डिस्क फेकून खेळायच्या गोल्फचा, कोर्स नऊ होलचा होता. फेकायच्या जागेपासून, म्हणजे टीपासून, टार्गेटपर्यंतचा एक टप्पा म्हणजे होल, तो कमीत कमी थ्रोंमध्ये पूर्ण करायचा. आज तो सात होलचा आहे आणि मला आधीपेक्षा जास्त आवडतो. मधल्या अडीच महिन्यांत काय झालं ते लिहून ठेवतोय. तुमच्यापैकी कुणी आपल्या गावात असा कोर्स मांडत असेल, तर त्याचे दोन-चार रविवार वाचतील.

सुरुवातीला झाडंच टार्गेट होती. पहिला होल वडाचा, दुसरा रेन ट्रीचा, तिसरा बहाव्याचा. बागेच्या लोकांना विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की खड्डा खणू नका, खिळा ठोकू नका, रंग लावू नका. झाडाच्या बुंध्यावर नुसती डिस्क मारायची म्हटल्यावर यातलं काहीच करावं लागत नव्हतं, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. मग एका रविवारी माळीकाकांनी मला तिसऱ्या होलपाशी नेलं. बहाव्याची साल कमरेच्या उंचीला तीन ठिकाणी फाटली होती. "वडाला काय होत नाही, पण हे पोर हाय अजून," ते म्हणाले, "उन्हाळाभर पाणी घालून जगवलंय." पानांनी बनवलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे जातं, हे शाळेत शिकलेलो असूनही ते मला सुचलं नव्हतं. पटर (पटिंगची, म्हणजे टार्गेटवर जवळून मारायची डिस्क) पावणेदोनशे ग्रॅमचा, पण एकाच जागी दर आठवड्याला शंभरदा लागला तर कोवळं झाड काय करणार? त्याच दिवशी सगळी झाडं टार्गेट म्हणून बंद केली, वडासकट.

मग बास्केटचा, म्हणजे डिस्क गोल्फच्या नेहमीच्या साखळ्यांच्या टार्गेटचा, प्रयोग. सायकलच्या दोन जुन्या रिमा, हार्डवेअरच्या दुकानातून वजनावर घेतलेली साखळी, मधे जीआय पाइप. वरच्या रिमेला बारा साखळ्या टांगल्या, खालच्या रिमेला जाळी लावून टोपली केली आणि तिची कड नियमाप्रमाणे जमिनीपासून साधारण ८२ सेंटिमीटरवर ठेवली. बास्केट छान झाली. पण अशा सात बास्केट स्कूटरवरून नेणं शक्य नाही आणि बागेत ठेवताही येत नाहीत. ती एक आता माझ्या गच्चीवर पटिंगसाठी आहे.

बागेसाठी हलकं, सुटं काहीतरी हवं होतं. पाच लिटरचे तेलाचे रिकामे डबे नेतो, बागेतल्या नळावर भरतो आणि तोंडातून बांबूची चार फुटी काठी उभी करतो. काठीला लाल कापड गुंडाळलेलं. निघताना डब्यांतलं पाणी बहाव्याच्या आळ्यात ओततो.

यातून नवीन भांडण निघालं. "लागली." "नाही लागली, कापड वाऱ्याने हललं." एड हेडरिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स मांडला, तेव्हा तिथेही टार्गेट म्हणून नुसते खांबच होते आणि डिस्क लागली की नाही यावरून असेच वाद होत. साखळ्यांची बास्केट त्यानंतर आली. साखळी डिस्क अडवते आणि वाजतेही. आमच्या काठीला डिस्क अडवता येणार नव्हती, पण वाजता नक्कीच आलं असतं. रविवार पेठेतून बैलांच्या गळ्यातली घुंगुरमाळ आणली, सुटी केली आणि प्रत्येक काठीला चार-चार घुंगरं कापडाखाली घट्ट आवळली. सैल बांधली तर वाऱ्यानेही वाजतात, हे पहिल्याच दिवशी कळलं. आता वाद मिटलाय. घुंगरू वाजलं की होल पूर्ण.

दोन होल गाळले ते चालणाऱ्यांसाठी. पाचवा आणि आठवा फरसबंद वाटेवरून पलीकडे जायचे. आम्ही थांबायचो, हात वर करून जाऊ द्यायचो, पण एकदा एका आजी डिस्क डोक्यावरून जाताना बघून दचकल्या आणि बाकावर बसूनच राहिल्या. त्यांच्याशेजारी पाच मिनिटं बसलो आणि ठरवलं, की वाट ओलांडणारा होल ठेवायचाच नाही. कोर्स आखताना ही गोष्ट सगळ्यात आधी बघा, अंतर आणि मजा नंतर. उजव्या हाताच्या बॅकहँडने फेकलेली डिस्क वेग कमी झाला की डावीकडे ढळते, म्हणून वाट उजवीकडे ठेवली की बरं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण आमच्यातला एक जण डावखुरा आहे आणि दुसरा निम्मे थ्रो फोरहँडने मारतो. त्या दोघांच्या डिस्क उजवीकडे, थेट वाटेवर जातात. म्हणून आता वाटेच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा पावलं मोकळी सोडतो आणि ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायच्या डिस्क, पूर्ण बंद. त्यांची कड पातळ, टणक असते आणि वेगही फार. पटर आणि मधल्या अंतराची मिडरेंज, बस्स. सगळ्यात लांब होल ५८ मीटरचा आहे, त्याला तेवढं पुरतं.

आषाढात पश्चिमेचा वारा जोरात होता. पहिला होल थेट वाऱ्यात आहे. समोरून वारा आला की माझी मिडरेंज उजवीकडे कलंडून लांब वाहवत जायची. मी ती जास्त जोरात मारत होतो, आणि तीच चूक होती. आता बाहेरची कड थोडी खाली धरून, म्हणजे हायझरने, कमी ताकदीत सोडतो. ओल्या डिस्कसाठी पंचा हवाच, नॅपकिन दोन होलमध्ये चिंब होतो. हिरवी डिस्क पावसाळ्यात आणूच नका. माझी अजून गवतात आहे.

पटिंग: सहा मीटरवरून ५० पैकी जूनमध्ये १९, आता ३३. सात होलचा पार, म्हणजे अपेक्षित थ्रो, २१ धरलाय. नव्या मांडणीवरचा पहिला राउंड २७, गेल्या रविवारचा २२. दहा मीटरच्या आत पट मारल्यावर तोल सावरेपर्यंत मार्करच्या, म्हणजे डिस्क पडली तिथल्या खुणेच्या, पुढे पाय टाकायचा नाही, हा नियम ओल्या गवतावर मला अजून अवघड जातो. दोनदा घसरलो, दोन्ही वेळा स्वतःच पेनल्टी घेतली.

पुढच्या रविवारी चौथ्याचा टी सहा पावलं मागे, रेन ट्रीच्या फांदीखाली नेऊन बघणार आहे. फांदी खाली आलीय, त्यामुळे थ्रो बुटका आणि सपाट मारावा लागेल. आधी माळीकाकांना विचारतो, त्या भागात ते नवीन रोपं लावणार होते.