सर, जहाज का बुडालं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारलंत म्हणजे पंधरा वर्षं विचारताय. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, भडंगाच्या दुकानात. परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझी पापणी वर ओढून धरली आणि आता हा कुठं पळत नाही हे बघून विचारलं, "सर, ते जहाज नेमकं का हो बुडालं?" तेही माझेच विद्यार्थी.

एक तर ते जहाज नव्हतं, गुराब होती, म्हणजे मराठा आरमारातल्या शिडाच्या लढाऊ नौकेचा आम्ही शाळेत केलेला नमुना. दुसरं म्हणजे ती बुडाली नाही, उलटली. सात फूट लांब, सागवानी, दोन डोलकाठ्या, सोळा पितळी तोफा. 2009 च्या 4 डिसेंबरला, नौदल दिनाला, सांगलीच्या सरकारी घाटावरून आम्ही ती कृष्णेत सोडली. बारा-तेरा हात गेली, डावीकडं कलली आणि आडवी झाली. तुमच्यातले निम्मे तिथं होते. उरलेल्यांनी ते इतक्यांदा ऐकलंय की आपणही होतो असं त्यांना वाटतं.

माझं ठरलेलं उत्तर एका शब्दाचं होतं: वारा. ते खोटं नाही. जहाज दहास एक मापानं लहान केलं की लांबी दहावा हिस्सा होते, शिडाचं क्षेत्रफळ शंभरावा, वजन हजारावा. पण कृष्णेवरचा वारा काही आपल्यासाठी दहावा हिस्सा होत नाही. शीड जहाजाला पाडायला बघतं ते क्षेत्रफळ गुणिले उंची, म्हणजे मूळच्या हजारावा हिस्सा. वजन त्याला परत उभं करतं ते वजन गुणिले भुजा, म्हणजे दहा हजारावा. हुबेहूब केलेला नमुना खऱ्या जहाजापेक्षा दहापट हळवा असतो. म्हणून पाण्यात खरोखर शिडावर चालवायच्या नमुन्यांना खाली शिशाचा खोल कणा जोडतात. कुणालाही फळ्यावर मांडून दाखवीन. फक्त हे गणित मी गुराब उलटल्यानंतर शिकलो.

आणि मी काही पहिला नव्हे. स्वीडनच्या राजाची व्हासा ही युद्धनौका घ्या. 10 ऑगस्ट 1628, स्टॉकहोम, 64 तोफा, तोफांचे दोन मजले. तेराशे मीटरच्या आसपास गेली, झुळूक आली, कलली, आणि खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत. पोटात 120 टन दगड भरलेले होते. आणखी भरावेत तर त्या खिडक्याच पाण्याला टेकणार. 1870 साली इंग्रजांची कॅप्टन नावाची युद्धनौका स्पेनच्या फिनिस्तेर भूशिराजवळ रात्रीच्या वादळात उलटली. फिरत्या बुरुजाच्या तोफा, वर पूर्ण शिडांचा संभार, आणि पाण्यापासून काठ ठरल्यापेक्षा दीड फूट खाली. तिचा आराखडा करणारा कोल्स तिच्यावरच होता. तो बुडाला. मी घाटावर कोरडा उभा होतो, हा एक फरक.

व्हासाची आणखी एक गोष्ट मी दरवर्षी नववीला रंगवून सांगायचो. निघण्याआधी तीस माणसांना डेकवर या काठावरून त्या काठावर पळवलं. तीन फेऱ्यांत जहाज इतकं डोललं की ॲडमिरल फ्लेमिंगनं चाचणी थांबवली. चाचणी थांबवली, जहाज नाही. इथं वर्ग हसायचा, मीही हसायचो.

आता हौदाची गोष्ट. ती मी कुणाला सांगितलेली नाही.

3 डिसेंबरची संध्याकाळ. शाळेच्या मागच्या हौदात गुराब सोडलेली. बाकीची मुलं घरी गेली होती, एक राहिला होता. सांगलीवाडीचा, नववीतला, वर्गात मागच्या बाकावर बसणारा. त्याच्या घरची माणसं होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारणारी. त्यानं गुराबेच्या काठावर तळवा ठेवला, काठ पाण्याला लागेपर्यंत दाबला आणि सोडला. ती उठली. पुन्हा दाबला. ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होता.

"सर, ही लई सावकाश उठतीया."

"शांत आहे म्हण की."

"न्हाई सर. चांगली होडी झटक्यात उठती. सावकाश उठती ती एकदा उठतच न्हाई."

जहाजबांधणीचं शास्त्र हेच सांगतं. ज्या जहाजाचा डोलण्याचा काळ लांब, त्याची परत उभं राहायची ताकद कमी. त्यासाठी मोठी सूत्रं आहेत. त्या पोरानं ते तळव्यानं मोजलं होतं. पुढं त्यानं उपायही सांगितला: तोफा खाली घ्या, नाहीतर तळात दोन घमेली वाळू टाकूया की. कोकणात याला नीरम म्हणतात, शब्द मला ठाऊक होता, त्याला नव्हता.

मला वाळू का नको होती? वरच्या फळ्या ठोकून पॉलिश झालं होतं. वाळूनं ती चार बोटं खाली बसली असती आणि मी रंगवलेली तांबडी रेघ पाण्याखाली गेली असती. तोफा कुपवाडच्या एका कारखान्यात पालकांच्या वर्गणीतून ओतून घेतलेल्या, सगळ्या मिळून आठ किलो. निमंत्रणपत्रिकेत 'सोळा तोफांची' असं छापलेलं. ही झाली सांगण्यासारखी कारणं. खरं कारण म्हणजे मी तीन वर्षं वाचत होतो आणि समोर चौदा वर्षांचं पोर उभं होतं. मी म्हणालो, "तू इतिहास वाचलायस का?"

"न्हाई सर."

त्यानं हात चड्डीला पुसले आणि गेला.

तर इतिहास मी वाचला होता. गुराबेचं नाक पुढं सखल निघालेलं असतं, समोरून आलेलं पाणी त्यावरून दोन्ही अंगांनी वाहून जातं. तिच्या मोठ्या तोफा, नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या दोन, पुढच्या आडभिंतीतून नाकावरून मारा करायच्या. काठावरच्या तोफा त्याहून हलक्या. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं तिला ओढायची. इंग्रजांची अवजड जहाजं वाऱ्याविना खोळंबलेली असताना गुराबा त्यांच्या मागच्या बाजूला येऊन तोफा डागायच्या. उथळ बांधणी, म्हणून खाडीत शिरायला मोकळ्या. अख्खी गुराब म्हणजे तोफ पुढं नेऊन ठेवायची युक्ती. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात हे सगळं होतं, शिवाय 1971 ची कराची होती, आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र बोटींनी केलेला हल्ला. निपात, निर्घात आणि वीर, दोनशे टनांच्या आसपासच्या बोटी, प्रत्येकीवर दोन टनांहून जड अशी चार क्षेपणास्त्रं. लहान अंग, मोठं हत्यार, मराठा आरमाराच्या कान्होजी आंग्र्यांचीच रीत. छान भाषण होतं. "सांगलीत समुद्र कुठाय?" म्हणणाऱ्यांसाठी एक वाक्यही होतं: 1729 मध्ये कान्होजी गेल्यावर सरखेलीची, म्हणजे आरमारप्रमुखपदाची वस्त्रं साताऱ्याच्या शाहू महाराजांनीच दिली, तिथं कुठला समुद्र होता?

एवढं ठाऊक असून मी केलं काय, तर सोळाच्या सोळा तोफा सारख्या वजनाच्या, वरच्या काठावर, आठ इकडं आठ तिकडं. मागं उंच सज्जा. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची चित्रं बघून. कारण ते दिसायला जोरदार होतं. माझ्या पुस्तकांनी मला दगा दिला नाही, मी त्यांना दिला.

सकाळी घाटावर गर्दी. तो आला होता. रांगेत नव्हता. सदरा काढून कमरेएवढ्या पाण्यात उभा, डिसेंबरच्या थंडीत, घाटापासून बरोबर तेवढ्याच अंतरावर. मला वाटलं हुंदडायला उतरलाय, मी खेकसलो, "बाहेर ये!" तो आला नाही. शीड भरलं, गुराब निघाली, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मग ती कलली आणि उठेना. मला स्पष्ट आठवतं, ती उठायला निघाली होती. सावकाश. आडवी झाली तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी मोठी डोलकाठी धरली, ती मोडली, तसं त्यानं खालून खांदा लावला आणि तिला बुडू दिलं नाही. म्हणून म्हणतो, बुडाली नाही.

लोक हसले. पाहुणे हसले. माईक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "पोरांनी नीरम भरलं नाही, काय करणार!"

हे वाक्य तुमच्यापैकी कुणाला आठवत नाही. मी विचारून बघितलंय. त्याला आठवत असेल. नीरम म्हणजे काय हे त्यानं त्या दिवशी कुणाला तरी विचारलं असणार.

नंतर मी स्वतःशी पुष्कळ भांडलो. तेव्हाचा मी म्हणतो, शंभर लोकांसमोर शाळेची अब्रू होती, सुचलं ते बोललो. मी म्हणतो, सुचलं ते त्याचंच होतं. तो म्हणतो, तोफा उतरवल्या असत्या तर ती लढाऊ राहिली असती का? होडी झाली असती. आणि इथं मला त्याला धड उत्तर देता येत नाही. व्हासाच्या राजालाही तोफाच हव्या होत्या, आणि समोर शत्रू होता हे खरंच होतं. जे जहाजाला लढाऊ करतं तेच त्याला वरनं जड करतं, हे काही माझ्या मूर्खपणातून निघालेलं नाही. माझा मूर्खपणा वेगळा होता.

त्या ऑगस्टनंतर मला हा प्रश्न हसत विचारलेला सोसत नाही. 2019 च्या महापुरात ब्रह्मनाळजवळ माणसांनी भरलेली बोट उलटली. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं. पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात एका लग्नघरी कुणीतरी पुन्हा म्हणालं, "काय सर, तुमचं जहाज..." मी जेवण टाकून उठलो. लोकांना वाटलं शुगर वाढली.

त्याच पुरात शाळेच्या अडगळीच्या खोलीत छतापर्यंत पाणी होतं. गुराब तिथंच पडून होती, डोलकाठ्या नसलेली. तोफा चोरीला जातील म्हणून मी आधीच काढून घरी आणल्या होत्या. खोली उघडली तेव्हा शिपायानं मला फोन करून बोलावलं. बाकं, नकाशे, हार्मोनियम, सगळं चिखलात. गुराब कपाटाच्या माथ्यावर, सरळ बसलेली. पाण्याबरोबर चढली, पाण्याबरोबर उतरली, मध्ये कपाट लागलं तिथं थांबली. आत दोन बोटं गाळ साचला होता. खाली, तळात.

तो मुलगा आता बापई झालाय, स्वतःची होडी आहे. शर्यतीला दिसतो, "सर, बरं हाय का?" म्हणतो. मी बरं आहे म्हणतो. वरचं सगळं मी तुम्हाला सांगितलं, त्याला नाही, आणि यात भित्रेपणा आहे हे मला दिसतं. तोफा शाळा परत मागतेय, प्रदर्शनात गुराबेवर बसवायला. दिलेल्या नाहीत. आठ किलो पितळ आहे, माझ्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात.