साठा नव्हे, फेरा

वन्य प्राण्यांच्या रोगांविषयी वाचताना एक शब्द वारंवार भेटतो आणि दर वेळी मला तो खटकतो. तो शब्द म्हणजे रोगाचा 'साठा'. हरणांमध्ये निद्रारोगाच्या, म्हणजे आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या दंशाने माणसांत पसरणाऱ्या रोगाच्या, परजीवींचा साठा असतो, माकडांमध्ये हिवतापाचा साठा असतो, असे सर्रास लिहिले जाते. साठा म्हटले की डोळ्यांसमोर धरण किंवा कोठार येते, म्हणजे भरून ठेवलेली आणि स्वस्थ पडून असलेली वस्तू. कीटकांमार्फत पसरणाऱ्या परजीवीला असे पडून राहणे परवडतच नाही. ज्या हरणाच्या रक्तात तो आज आहे, ते हरीण उद्या सिंहाच्या तोंडी जाईल, नाहीतर त्याचे शरीर हळूहळू परजीवीला हटवील. तत्पूर्वी एखाद्या कीटकाने त्याला उचलून दुसऱ्या प्राण्यापर्यंत पोचवले नाही, तर त्याचा वंश तेथेच संपतो. म्हणून मी माझ्यापुरता 'फेरा' हा शब्द वापरतो, आणि या फेऱ्याची गती प्राण्यापेक्षा कीटकच अधिक ठरवतो असे माझे मत झाले आहे.

हिवतापाच्या परजीवीचा पूर्ण फेरा प्रथम उलगडला तो माणसात नव्हे, तर पक्ष्यांत, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. रोनाल्ड रॉस यांनी 1898 साली कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापाचा परजीवी डासाच्या जठरापासून लाळग्रंथींपर्यंत कसा जातो हे पाहिले आणि त्या डासांच्या दंशाने निरोगी चिमण्यांना लागण होते हे दाखवून दिले. या प्रवासाला उबदार हवेतही दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. निसर्गात बहुतेक डास तेवढे जगतच नाहीत. म्हणजे एकाच डासाने दोनदा चावले पाहिजे, दोन्ही वेळा योग्य जातीच्या पक्ष्यालाच चावले पाहिजे, आणि या दोन दंशांमधला काळ त्याने जिवंत काढला पाहिजे. डासांचे थवे कितीही मोठे असले तरी फेरा चालवतात ते त्यांतले मोजके म्हातारे डास. हिवतापाचे अभ्यासक जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी 1950 च्या दशकात हेच गणिताने मांडले: डासांची संख्या निम्मी करण्यापेक्षा त्यांचे आयुष्य थोडे घटवणे अधिक परिणामकारक ठरते.

याला अपवाद आहेत. सर्रा रोगाचा परजीवी ग्रिफिथ एव्हान्स यांनी 1880 साली पंजाबात घोडे आणि उंट यांच्या रक्तात शोधला. तो गोमाशीच्या शरीरात वाढत नाही, केवळ तिच्या ओल्या सोंडेवर बसून जातो. रक्त पिताना प्राण्याने शेपटीने हुसकावले की ती माशी शेजारच्या प्राण्यावर बसून अर्धे राहिलेले जेवण पुरे करते, आणि तेवढ्या काही मिनिटांत काम होते. येथे माशीचे आयुष्य महत्त्वाचे नसते, प्राणी एकमेकांच्या किती जवळ उभे आहेत हे महत्त्वाचे असते.

फेऱ्याची कल्पना मला खऱ्या अर्थाने पटली ती आफ्रिकेतील त्सेत्से माशीमुळे. डेव्हिड ब्रूस 1894 साली गुरांच्या 'नगाना' रोगाचा शोध घेण्यासाठी झुलूलँडमधील (आजच्या दक्षिण आफ्रिकेतील) उबोंबो येथे गेले. गुरांच्या रक्तातील परजीवी त्यांना सापडला, तो त्सेत्सेमुळे पसरतो हे त्यांनी दाखवले आणि पुढे जाऊन वन्य प्राण्यांचे रक्त कुत्र्यांना टोचून पाहिले. धडधाकट दिसणाऱ्या काही प्राण्यांच्या रक्तानेही कुत्री आजारी पडली. याच सुमारास, 1896 च्या आसपास, बुळकांडी रोगाने आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील रानम्हशी आणि गुरे प्रचंड संख्येने मारली, आणि झांबेझी नदीच्या दक्षिणेकडील मोठ्या टापूतून त्सेत्से माशीच नाहीशी झाली. पुढे प्राणी वाढले तशी माशीही परतली.

यावरून प्रशासनाने काढलेला निष्कर्ष भीषण होता. प्राणी नसतील तर माशी नाही आणि माशी नसेल तर रोग नाही, या तर्काने दक्षिण ऱ्होडेशियात (आजच्या झिम्बाब्वेत) काही दशके लाखांच्या संख्येने वन्य प्राणी गोळ्या घालून मारण्यात आले. हा साठा रिकामा करण्याचा प्रयत्न होता. दरम्यान माश्यांच्या पोटातील रक्त तपासून ते कोणत्या प्राण्याचे आहे हे ओळखता येऊ लागले, तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. त्सेत्सेच्या अनेक जाती वॉर्टहॉग, रानडुक्कर, बुशबक, कुडू, रानम्हैस अशा ठरावीक प्राण्यांवर जगतात. झेब्रा, विल्डबीस्ट किंवा इम्पाला यांचे मोठे कळप आसपास चरत असले तरी त्यांचे रक्त माशीच्या पोटात क्वचितच आढळते. प्राण्याच्या अंगात परजीवी वाढू शकतो की नाही हा एक प्रश्न आहे आणि माशी त्या प्राण्यावर बसते की नाही हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असूनही दुसऱ्याचे नकारार्थी असेल, तर तो प्राणी फेऱ्याबाहेरच राहतो.

त्सेत्सेचे जीवनच मोठे काटकसरीचे आहे. मादी अंडी घालत नाही. ती एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, साधारण नऊ-दहा दिवसांनी तिला जन्म देते, आणि सगळ्या आयुष्यात तिला जेमतेम आठ-दहा पिले होतात. निद्रारोगाच्या परजीवीला तिच्या शरीरात पक्व होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात आणि बहुतेक माश्यांत तो टिकतच नाही. लाळेत परजीवी असलेली माशी शंभरात एखादी मिळणेही कठीण. एवढ्या बारीक धाग्यावर हा फेरा टिकतो, कारण वन्य यजमान, म्हणजे परजीवीला अंगात आसरा देणारे प्राणी, लागण होऊनही मरत नाहीत आणि दीर्घकाळ रक्तात थोडे थोडे परजीवी बाळगत हिंडतात.

दंश हा एकमेव मार्ग आहे असेही नाही. कार्लोस शागास यांनी 1909 साली ब्राझीलमध्ये वर्णन केलेला, माणसांत शागास रोग घडवणारा परजीवी रक्तपिपासू ढेकणांच्या विष्ठेतून बाहेर पडतो. ऑपॉसम आणि आर्माडिलो यांसारखे प्राणी असे ढेकूण चक्क खातात, आणि परजीवी तोंडावाटेच आत शिरतो. म्हणजे येथे भक्ष्य भक्षकाला गाठते! त्याहून विलक्षण म्हणजे, ऑपॉसमच्या गुदद्वाराजवळील गंधग्रंथींत या परजीवीची ती रूपे वाढताना आढळली आहेत जी एरवी ढेकणाच्या आतड्यातच दिसतात. यजमान आणि वाहक या आपण आखलेल्या दोन चौकटी त्या एका प्राण्यात एकमेकींत मिसळून जातात.

सर्वांत ठळक उदाहरण हवाई बेटांचे. तेथे मुळात डास नव्हतेच. 1826 साली एका जहाजावरील पाण्यातून ते माउई बेटावर आले असे मानले जाते. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर हिवतापाचा परजीवी पोचला, आणि ज्यांची त्याच्याशी कधी गाठ पडली नव्हती असे स्थानिक मधपक्षी पटापट मरू लागले. लाल पिसांच्या ईवी पक्ष्यांना प्रयोगात लागण झालेला एकच डास चावला, तरी दहापैकी नऊ पक्षी दगावले. ईवी आज टिकून आहेत ते मुख्यतः सुमारे 1,500 मीटरच्या वरच्या रानात, कारण सुमारे 13 अंश सेल्सियसखाली डासाच्या शरीरातील परजीवीची वाढ थांबते. हवा तापते तशी ही सीमारेषा डोंगरावर चढते, आणि कमी उंचीच्या बेटांवरील पक्ष्यांना वर सरकायला जागाच उरत नाही. रानटी डुकरांनाही येथे विसरून चालणार नाही: ती वृक्षनेच्यांचे खोड उकरून खातात, त्या खळग्यांत पाणी साचते आणि तेथे डास वाढतात. पक्ष्यांच्या हिवतापाची लागण डुकराला कधीच होत नाही, तरी फेऱ्याला तेच हातभार लावते. माउईवर 2023 पासून वोल्बाकिया जीवाणू असलेले नर डास सोडले जात आहेत. त्यांच्याशी संबंध आलेल्या स्थानिक माद्यांची अंडी उबतच नाहीत.

त्याच बेटांवर 'अमाकिही' नावाचा आणखी एक मधपक्षी आहे. सखल भागातील त्याच्या काही समूहांना आता हिवताप सोसू लागला आहे; ते मरत नाहीत, वाढतात, गातात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या रक्तात परजीवी कायमचा असतो. त्यांच्या अंगावरून उठलेला डास वाऱ्याबरोबर वर गेला, तर तेथे त्याला ईवी भेटतो.